दोन प्रश्नचिन्हं

मेलेल्या नवऱ्याचं नाव कॉम्प्युटरमध्ये सापडलं, असं माधवने आतल्या खोलीतून सांगितलं तेव्हा वसुंधराबाई ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना आधी वाटलं, लाइटबिल अजून नवऱ्याच्याच नावाने येतं, त्यातलाच काही घोळ असणार. माणूस गेला तरी त्याचं नाव कुठेकुठे चिकटून राहतं याचा त्यांना अनुभव होता. बँकेत, रेशनकार्डावर, वर्षश्राद्ध उलटल्यावरही येणाऱ्या लग्नपत्रिकांवर. "आता काय भरायचं म्हणतायत?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं. "भरायचं काही नाही गं. डाव आहे बाबांचा. बुद्धिबळाचा. पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत, आख्खा." बोटांतली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली. आत तीन दाणे होते, एक किडका. त्यांनी किडका दाणा नखाने उडवला, बाकीचे दोन पातेल्यात टाकले आणि मग विचारलं, "कुठला डाव?" खरं तर विचारायची गरज नव्हती. जयवंतरावांनी जन्मात डाव पुष्कळ खेळले असतील, पण कुणी लिहून ठेवावा असा एकच होता, आणि तो ते हरले होते. माधव म्हणाला, "अजमेरचा."

उठताना गुडघा कुरकुरला. आतल्या खोलीत भूकंपाने भिंतीला पडलेली चीर अजून बुजवलेली नव्हती, आणि तिच्याखाली कॉम्प्युटर मांडला होता, देव्हारा मांडतात तसा, खाली फडकं घालून. शहराबाहेरच्या कारखान्याने माणसं कमी करायची ठरवली आणि आपणहून उठेल त्याला एकरकमी पैसे देऊ म्हणून सांगितलं, तेव्हा पहिल्या खेपेलाच सही करून घरी आलेला हा त्यांचा मुलगा. कुणी काढलं नव्हतं. हा आपणहून उठला. त्या दिवशी वसुंधराबाईंनी त्याला जेवायला वाढलं होतं आणि पोळीवर तूप घालता घालता एवढंच म्हटलं होतं, "बापावर गेलास." माधवने मान वर केली नव्हती. तेव्हापासून सूनबाई निरुपमा सकाळी अलकापुरीच्या ऑफिसात जायची आणि हा टेलिफोनची तार कॉम्प्युटरला जोडून दिवसभर कुठल्याकुठल्या देशांतल्या लोकांशी बुद्धिबळ खेळायचा. तार जोडली की यंत्रातून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज यायचा, आणि मग घरी कुणाचा फोन लागायचा नाही. वसुंधराबाई शेजारच्या बेनला सांगायच्या, "आमच्याकडे कुणी मेलंबिलं तर चालत येऊन सांगा."

पडद्यावर पट होता. भोवतीचं सगळं लिखाण इंग्रजी होतं. इंग्रजी काय, मराठीसुद्धा त्या चौथीपर्यंतच शिकलेल्या. पण पट त्यांना वाचता येत होता. तो वाचायला त्या शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचे वडील धनाजीराव, म्हणजे आबा, बडोद्याच्या कोठी कचेरीत कामाला होते, आणि रविवारी दुपारी कापडी पट अंथरून मुलाला शिकवायला बसायचे. मुलगा हरला की रडायचा, म्हणून एका रविवारी त्यांनी मुलीला हाक मारली. मुलगी हरली की रडायची नाही, दात खायची. आबांना ते पसंत पडलं. घोडा असा, उंट तिरपा, हत्ती सरळ, वजीर कसाही. प्यादं एक घर, फक्त एक. गरिबाला उडी नसते, आबा म्हणायचे. आणि मात कुणाच्या हातून दिलीत याला किंमत. वजिराने मात दिली तर आबा नुसतं "हं" म्हणायचे. घोड्याने दिली तर पानाचा डबा पुढे सरकवायचे. पण प्यादेमात झाली, सगळ्यांत लहान मोहऱ्याने राजाला कोपऱ्यात घेतलं, की आबा पटावरून उठून हरलेल्याचीही पाठ थोपटायचे. जयवंतराव शिर्के बघायला आले तेव्हा आबांनी त्यांना पगार विचारायच्या आधी पटावर बसवलं होतं. मिरजेकडचा मुलगा, दाहोदच्या रेल्वे कारखान्यात फिटर, स्वच्छ धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा. आबांना त्याने हरवलं. वजिराने. आबा म्हणाले, "मात काय, कारकूनसुद्धा देतो. प्याद्याने देऊन दाखवा कधी." मुलाचे कान लाल झालेले वसुंधराबाईंनी दाराआडून पाहिले होते. लग्नानंतर माहेरी गेलं की आबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय जावईबापू, प्यादं कुठवर आलं?" आणि जयवंतराव हसून म्हणायचे, "निघालंय, आबा. वाटेत आहे."

"हे बघ," माधव म्हणाला आणि त्याने बोट दाबलं तशी मोहरी आपोआप चालू लागली. वसुंधराबाईंना ते आवडलं नाही. हात न दिसता मोहरं हलतं म्हणजे काय. जयवंतराव मोहरं उचलताना आधी करंगळीने त्याला किंचित स्पर्श करायचे, झोपलेल्याला उठवावं तसं, आणि मग उचलायचे. दाहोदच्या क्वार्टरमध्ये लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्या दोघांचा पट रोज पडायचा. त्या आबांच्या नियमांनी शिकलेल्या, ते दोन्ही नियम जाणणारे. पण घरात खेळायचे ते आबांचेच. कारखान्याच्या क्लबात वेगळा खेळ, तिथे प्यादं पहिल्या चालीला दोन घरं उडी मारायचं. "साहेबलोकांची प्यादी," वसुंधराबाई म्हणायच्या, "त्यांना उडी मारायची मुभा असते." यावर जयवंतराव मोठ्याने हसायचे. मोठ्याने हसणारा माणूस होता तो. अजमेरपर्यंत.

"अरे, हळू कर," त्या म्हणाल्या. माधवने हळू केलं. तो चकित झाला होता, कारण आईने आतापर्यंत या यंत्राकडे मुद्दाम पाठ करून दळणकांडण केलेलं. "इथे बघ, आई. काळा राजा बाहेर ओढून काढलाय बाबांनी. पार पुढे आणलाय, पटाच्या कडेला. आणि इथे बाबांचा वजीर हा असा तिरपा गेला की संपलं. मात. एका चालीत. शाळेतल्या मुलालाही दिसेल." त्याने वजीर तिथे नेऊन दाखवला, मग परत जागेवर आणला. "आणि बाबा काय चालले? हे. हे कडेचं प्यादं, एक घर." प्यादं एक घर पुढे सरकलं आणि बाजूच्या लिखाणात त्याच्यापुढे दोन आकडे उमटले, आकड्यांसारखे काहीतरी. "हे काय?" "प्रश्नचिन्हं. एक म्हणजे चूक. दोन म्हणजे घोडचूक. चांगली चाल असली की उद्गारचिन्ह." "आणि हे चिकटवतं कोण?" "ज्याने डाव समजावून लिहिलाय तो." "म्हणजे चालणारा मेल्यावर," वसुंधराबाई म्हणाल्या.

समजावून लिहिणारा साहेबच होता. तोच, अजमेरच्या रेल्वे स्पर्धेत समोर बसलेला, दाहोदच्या कारखान्याचा तेव्हाचा मोठा साहेब. आता डेहराडूनला की कुठे राहत होता, वय झालेलं, आणि आपले जुने डाव एकेक करून टिपणांसकट लोकांसाठी मांडत होता. माधव इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागला, अडखळत. "'काळी मोहरी माझी होती. मला ही मात दिसली होती आणि मी डाव सोडायला हात पुढे केलाच होता. तेवढ्यात शिर्के यांनी हे प्यादं चालवलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते शांत होते. शिर्के माझ्या हाताखालचे. त्यांनी मला सोडलं असावं. मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांच्या बडोद्याच्या बदलीचा कागद मी त्याच्या आधीच वर पाठवला होता. त्यांना ते ठाऊक होतं की नाही, हेही मी विचारलं नाही. या डावातला माझा विजय मी कधी मोजत नाही.'" माधवने आईकडे पाहिलं नाही.

म्हणजे खरंच होतं. वसुंधराबाई बाजेवर बसल्या. एवढी वर्षं ज्याच्यावर त्या ठाम होत्या त्याला साहेबानेच शिक्का मारला होता, तर बरं वाटायला हवं होतं. अजमेरहून जयवंतराव परत आले होते ते बिनबाह्यांच्या स्वेटरात, हातात सोहन हलव्याचा डबा घेऊन, हरून. आणि थोड्याच दिवसांत बडोद्यातल्या प्रतापनगरची बदली आली, क्वार्टरसकट. बडोदं, माहेर, आजारी आबा, सगळं एका कागदावर. त्यासाठी वसुंधराबाईंनी दोन वर्षं नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं. सामान बांधायला आलेली शेजारची मंदाबेन हंडे मोजता मोजता गोड हसून म्हणाली होती, "हारीने घर लाव्या, नहीं?" आणि वसुंधराबाईंच्या हातातली पळी तिथेच थांबली. सोहन हलव्याचा डबा त्यांनी उघडलाच नाही. तो तसाच मंदाबेनच्या पोरांना देऊन टाकला. रात्री नवरा जेवायला बसला तेव्हा म्हणाल्या होत्या, "साहेबाच्या पायाशी डाव ठेवून आलात." त्यांना वाटलं होतं तो चिडेल. त्याने चिडावं म्हणूनच त्या बोलल्या होत्या. त्याने घास खाली ठेवला, त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "तसं समज." त्या तसंच समजून बसल्या. पट गुंडाळून माळ्यावर गेला. प्रतापनगरच्या क्वार्टरला, नंतर सुभानपुऱ्याच्या या घरालासुद्धा, त्यांनी मनात कायम हरून आणलेलं घर म्हटलं. भाऊबंदांत कुणी लाचारीची गोष्ट काढली की त्या नवऱ्याच्या देखत विषय बदलायच्या, असा की त्याला कळावं का बदलला.

पण बरं वाटत नव्हतं. काहीतरी दाताखाली आलेल्या खड्यासारखं लागत होतं. "परत मागे घे," त्या म्हणाल्या. "कुठवर?" "त्या प्याद्यापर्यंत." माधवने मागे घेतलं. वसुंधराबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मुद्दाम हरणं त्यांना ठाऊक होतं. आबांची शेवटची वर्षं. हात थरथरायचे, घोडा उंटाच्या घरात पडायचा. तेव्हा त्या आबांशी हरायच्या, रोज. मुद्दाम हरणारा माणूस कसा हरतो? हळूहळू. आधी एक घोडा लक्ष नसल्यासारखा जाऊ देतो. मग हत्ती अडकवून घेतो. समोरच्याला वाटलं पाहिजे की त्याने कमावलं. काळ्या राजाला फरफटत पटाच्या कडेला आणून, मात हातात घेऊन, मग सोडून द्यायची? त्याला सोडणं म्हणत नाहीत, त्याला अपमान म्हणतात. आणि हा माणूस कुणाचा अपमान करणाऱ्यातला नव्हता. बरं, सोडायचंच होतं तर वजीर कुठेही फेकता आला असता. हेच प्यादं का? एक घरच का? कुणी घरातून पळून जायचं ठरवलं आणि जाण्याआधी तुळशीला पाणी घातलं, तसं वाटत होतं ते.

त्या स्वयंपाकघरात परत आल्या, पातेल्यापुढे बसल्या. सोलता सोलता फरशीवर दाणे मांडू लागल्या, फरशीचे चौकोन होतेच. हा काळा राजा, किडका दाणा. इकडे आपला घोडा. तिकडून आपला हत्ती, आडवी वाट रोखून. शेंगांची दोन टरफलं म्हणजे ती दोन प्यादी, शेजारची. कडेचं एक घर पुढे गेलं. आता त्याच्या जोरावर शेजारचं एक घर पुढे गेलं तर… त्यांनी टरफल सरकवलं. काळ्या राजाला शह. मागे सरायला घर नाही, हत्ती आहे. पुढे घोडा आहे. प्यादं खावं तर त्याच्या मागे कडेचं प्यादं जोर धरून उभं. वसुंधराबाईंचा हात फरशीवर तसाच राहिला. बाहेर ओली तूर विकणारा भाजीवाला "लीली तुवेर" ओरडत गेला आणि कुणाच्या तरी स्कूटरने त्याला हॉर्न दिला. प्यादेमात. एका चालीवर आलेली, देखणी, आबा उठून उभे राहिले असते अशी प्यादेमात. त्यासाठी याने वजिराची मात बाजूला ठेवली. कारकूनसुद्धा देतो ती.

मग साहेब वाचला कसा? त्या उठल्या, गुडघ्याची कुरकुर न ऐकता आत गेल्या. "पुढची चाल दाखव. साहेबाची." माधवने दाबलं. काळ्याचं एक प्यादं, अजून जागचं हललं नव्हतं असं, दोन घरं उडी मारून पुढे आलं. त्याने वजिराची तिरपी वाट अडवली, त्याच्या मागचा हत्ती मोकळा झाला, आणि शहाच्या घरावर डोळा ठेवून ते उभं राहिलं. जाळं फाटलं. तिथून पुढे डाव फिरला होता. "थांब," वसुंधराबाई म्हणाल्या. "ते प्यादं एकच घर चालव." "एक घर कशाला, तो दोन चाललाय." "मी सांगते म्हणून चालव." माधवने चालवलं. "आता बाबांचं हे." त्याने तेही चालवलं आणि बघत राहिला. यंत्राने राजाभोवती लाल चौकट काढली. माधव खुर्चीत सरळ झाला. "मात आहे ही."

"प्यादेमात आहे," त्या म्हणाल्या. "आबांच्या घरचे नियम. प्यादं एक घर चालतं. त्या वेळी तुझे बाबा साहेबाशी खेळतच नव्हते."

माधवने जरा विचार केला. वाद घालायची त्याची पद्धत बापाची होती, हळू आवाजात. "आई, बाबा क्लबात कितीतरी वर्षं तो दुसरा खेळ खेळत होते. प्यादं दोन घरं जातं हे कुणी विसरेल? तुला वाटतं, कारण तुला हवंय."

"या घरात येऊन मला किती वर्षं झाली?" वसुंधराबाईंनी विचारलं. "पुष्कळ." "अजून झोपेतून उठले की मी डावीकडे वळते आणि कपाटावर आपटते. दाहोदला मोरी डावीकडे होती. विसरले का मी हे घर? ज्याची ओढ असते तिकडे पाय वळतो. नियम पाठ असून काय करायचंय."

आणि मग आठवलं. आठवलं म्हणजे कधी विसरल्याच नव्हत्या, नुसतं उलटं घडी घालून ठेवलं होतं. बदली होऊन आल्यावर पहिल्यांदा आबांकडे गेले तेव्हाचं. आबा खाटेवर, अंगावर शाल. नेहमीचा प्रश्न: "काय जावईबापू, प्यादं कुठवर आलं?" वसुंधराबाई चहा घेऊन येत होत्या. जयवंतराव म्हणाले, "अगदी राजापर्यंत नेलं होतं, आबा. समोरच्याचं एक घर जास्त निघालं." आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि असे हसू लागले की खोकल्याची उबळ आली, शाल खाली पडली, जावयाने त्यांची पाठ चोळली आणि आबांनी, हसता हसता, त्याची पाठ थोपटली. हरलेल्याची थोपटतात तशी. वसुंधराबाईंनी चहाचे कप आपटून ठेवले होते. त्यांना वाटलं होतं, निलाजरे पुरुष, एकमेकांची लाज झाकतायत. आबासुद्धा त्याच्याच बाजूचे. म्हणजे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं, आणि तिसरी बशा उचलत होती.

पण मग घरी का नाही सांगितलं? एक वाक्य होतं. त्या ते मनात बोलून पाहत होत्या, त्याच्या आवाजात, आणि आवाज नीट येत नव्हता. "वसू, मी मूर्खपणा केला, मला तुझ्या बापाला खूश करायचं होतं." नाही सांगितलं. बायकोने लाचार म्हटलं ते घेतलं. लाचार ठरायला माणूस तयार होतो. सगळी दुनियाच साहेबापुढे वाकते, त्यात एक आपण. पण भरल्या सभेत आपण कुठला खेळ खेळतोय हेच विसरलो, हे बायकोला सांगायचं, जिला त्याच खेळात दात खाताना पाहिलं तिला? वसुंधराबाईंना पहिल्यांदा तो माणूस ओळखीचा वाटला. हा तर गर्विष्ठ होता. आपल्याइतका. एका छपराखाली दोघं, आणि आपल्याला वाटत राहिलं की गर्व एकटीचाच आहे. बरं झालं का वाईट झालं ते त्यांना ठरवता येईना. नवल मात्र वाटत होतं, जुन्या ट्रंकेतून आपल्याच मापाचं दुसऱ्या कुणाचं तरी जाकीट निघावं तसं. आणि बदलीचं ठाऊक होतं की नव्हतं? ते आता कुणाला विचारणार. पण बदली ठाऊक असो नसो, प्यादं बदलीसाठी चाललं नव्हतं.

"साहेबाला लिहिता येतं का यात?" त्यांनी विचारलं. "येतं ने. खाली जागा आहे." "मग लिही. लिही, की मी शिर्क्यांची बायको. तुम्हाला कुणी सोडलं नव्हतं. तुम्ही निसटलात." माधवचे हात वरच्यावर थांबले. "एवढं तोडून लिहू?" "साहेब होता. सोसेल. आणि लिही, आमच्या घरच्या पटावर तुम्ही मेलात." माधव हसला. मोठ्याने. वसुंधराबाईंनी चमकून पाहिलं. हे हसू या घरात पुष्कळ दिवसांत वाजलं नव्हतं. "पुढे लिही, तुमचा विजय तुम्ही मोजत जा. खरा आहे तो. प्यादं दोन घरं उडवायचं तुम्हाला वेळेवर सुचलं." "हे बरं वाटेल त्यांना." "त्यांना बरं वाटावं म्हणून नाही सांगत. खोटं कुणाच्या नावावर पडून राहू नये. आणि ती दोन प्रश्नचिन्हं काढायला सांग." "काढून काय घालायचं? चाल चुकलीच ना शेवटी." वसुंधराबाईंनी विचार केला. "एक राहू दे," त्या म्हणाल्या.

माधवने लिहिलं, वाचून दाखवलं, पाठवलं. मग टेलिफोनची तार काढली आणि खोली एकदम शांत झाली. फोन लगेच वाजला. निरुपमा होती, दुपारपासून लावतेय म्हणाली, लागत नाही, यायला उशीर होईल, आईंना कुकर लावायला सांग. वसुंधराबाई दाराशी पोचल्या होत्या. तिथे थांबल्या. साहेबाने विचारलं नव्हतं. त्याचं त्यांना जाता जाता हसू आलं होतं, एवढा शिकलेला माणूस, आणि तोंड उघडून विचारता आलं नाही. ते हसू आता ओठांवरून निघेना आणि नीट बसेनाही.

"माधव," त्या म्हणाल्या, "कारखान्यात ती सही का केलीस?"

त्याने मान वर केली. आईच्या तोंडावर टोमणा कुठे आहे ते तो शोधत होता. नेहमीच्या सगळ्या जागा त्याने बघितल्या. "आता काय काढलंस ते?" "काही काढलं नाही. विचारतेय." "खरंच विचारतेयस?" "मग काय खोटं विचारतात?" तो म्हणाला, "लांब आहे गं सांगायला. तिथे काय काय झालं होतं, मी कुणालाच…"

वसुंधराबाई स्वयंपाकघरात गेल्या. फरशीवर डाव तसाच मांडलेला होता. किडका दाणा, टरफलं, घोडा. त्याला न मोडता त्यांनी कडेने शेंगांची पाटी ओढली, पातेलं उचललं, आणि दोन्ही घेऊन परत आतल्या खोलीत येऊन बाजेवर बसल्या. अर्ध्या शेंगा त्यांनी मुलासमोर कॉम्प्युटरच्या फडक्यावर ओतल्या.

"कुकर लावायला वेळ आहे," त्या म्हणाल्या. "सोलता सोलता सांग."